खैरवाडीची घंटा उतरवायला गेले तेव्हा

वडिलांना हिवताप भरला नसता तर खैरवाडीला मी गेलेच नसते. काम त्यांचं होतं. ते नगरला मिशनच्या कचेरीत कारकून होते आणि वरून हुकूम आला होता: खैरवाडीचं प्रार्थनाघर बंद करायचं, तिथली घंटा, बाकं आणि फळा बेलापूर स्टेशनावरून मालगाडीनं नगरला पाठवायचा, आणि जागेची किल्ली गावातल्या एका बागायतदाराच्या हातात द्यायची. त्यानं जागेचा इसार दिला होता. खरेदीखत नव्या वर्षात व्हायचं होतं.

देश स्वतंत्र होऊन चारेक महिने झाले होते. मिशनचे साहेब लोक एकेक करून आपल्या मुलखाला चालले होते, पैसा आटत होता आणि खेड्यांतली लहान लहान प्रार्थनाघरं बंद होत होती. शाळेत, धान्याच्या दुकानात, नळावर, जिथं जावं तिथं कोणी तरी म्हणे, "साहेब गेला, आता तुमचंही आटपलं म्हणायचं." मला त्या वाक्याचा मनस्वी संताप यायचा. मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते. रोमच्या साम्राज्यात आमच्या धर्माची पहिली तीनशे वर्षं साहेबाच्या आश्रयानं नव्हे, साहेबाच्या नाकावर टिच्चून गेली होती. पण हे सांगावं तर लोक हसत आणि म्हणत, "ते रोम होतं एस्तेरबाई, हे नगर आहे."

म्हणून वडील अंथरुणातून म्हणाले, "कचेरीकडून आठवडाभर मुदत मागून घेतो," तेव्हा मी म्हटलं, "कशाला? मी जाते."

मला काम उरकण्याची घाई नव्हती. साहेब गेल्यावर खरंच काय उरतं, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

आईनं एकटीला सोडायला साफ नकार दिला, तेव्हा राहेलआत्या बरोबर निघाली. ही वडिलांची थोरली बहीण. तिनं बायबलबाई म्हणून उभा जन्म नगर जिल्ह्यातली खेडी पायी तुडवली होती. पांढरं लुगडं, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शुभवर्तमान, मिश्रीची डबी आणि स्वतःचा पितळी प्याला. "सामान कमी, बोलणं जास्त," असं ती स्वतःच म्हणायची आणि ते अगदी खरं होतं.

तुम्हाला त्या बाजूला जायचं असेल तर सकाळची मनमाडकडे जाणारी गाडी धरा आणि डब्यात उजव्या हाताची खिडकी सोडा, डावीकडे बसा. डिसेंबरातलं ऊन उजवीकडून थेट तोंडावर येतं. नगर सोडलं की विळदच्या डोंगरांतून गाडी सावकाश उतरते. वांबोरीपर्यंत सगळा माळ, कुसळं आणि मेंढरं. राहुरीला मुळेचा पूल ओलांडला आणि एकदम कोणी तरी हिरवी चादर झटकून अंथरल्यासारखा ऊस सुरू झाला. कालव्याच्या पाण्याची ही करामत. पुढे प्रवरा. तिथून हवेला मळीचा आंबूस वास येऊ लागतो आणि कारखान्याची चिमणी दिसते. बेलापूर स्टेशनाला आता श्रीरामपूर म्हणतात. तिकीट काढताना दोन्ही नावं सांगितलेली बरी.

स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात भजी गरम होती आणि साखरेच्या टंचाईमुळे चहा गुळाचा होता. कारखान्याच्या दारात साखर नाही, याचं आत्याला फार हसू आलं. हॉटेलवाल्यानं आत्याच्या पिशवीकडे, मग आमच्या दोघींच्या कपाळांकडे पाहिलं. कुंकू नव्हतं. त्यानं विचारलं, "गाव कोनतं तुमचं?" आत्यानं सांगितलं. मग त्यानं बाहेर वळचणीला खुंटीवर अडकवलेल्या दोन कान तुटलेल्या कपांकडे हात नेला.

"राहू दे रे बाबा," आत्या म्हणाली. तिनं पिशवीतून पितळी प्याला काढून त्याच्या नाकासमोर फळीवर ठेवला. "यात ओत. घासून चकचकीत केलाय. तुझ्या सगळ्या कपांपेक्षा स्वच्छ आहे."

तो ओतेना. आत्या हलेना. मागे गिऱ्हाइकं ताटकळली. शेवटी त्यानं ओतला. आम्ही दोघी एकाच प्याल्यातून, त्याच्या दारातच उभ्या राहून, घोट घोट करत तो चहा प्यालो. चहा बरा होता. भज्यांसाठी तिथं जरूर थांबा; प्याला मात्र बरोबर न्या.

खैरवाडी स्टेशनापासून गोदावरीच्या अंगाला, बैलगाडीनं दुपार जाते एवढ्या अंतरावर आहे. मोटार नव्हतीच. गूळ घालून रिकामी परतणारी एक गाडी मिळाली. गाडीवान भिकाजी, त्याच गावचा शेतकरी, सुपारी कातरत कातरत बैल हाकणारा गप्पिष्ट माणूस. भाडं वाजवी सांगितलं आणि वर दोन उसाची कांडकी फुकट दिली. कालव्याच्या कडेनं रस्ता बरा आहे. कालवा संपला की मात्र चाकोऱ्या अशा खोल की मणके मोजून घ्यावेत.

"किरिस्तावांकडं चालला व्हय?" त्यानं विचारलं. "चांगली मानसं हायेत. पर आता त्यांचं कसं हुनार? सायेब गेला न्हवं."

झालं. मी सरसावून बसले.

"साहेबाआधी पुष्कळ वर्षं आमचा धर्म जगलाय, भिकाजीदादा. रोम नावाचं मोठं राज्य होतं. तिथला बादशहा म्हणायचा, माझ्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप घाला, मग घरी कोणाची पूजा करायची ती करा."

"मग घालायचा की! चिमूटभर धुपानं काय हुतंय?"

"तेच तर. हे लोक कर भरत, कायदा पाळत, बादशहासाठी प्रार्थनासुद्धा करत. पण धूप घालत नसत. म्हणत, देव एकच, आणि तो तू नाहीस."

भिकाजीनं सुपारी तोंडात टाकली. "मारलं आसंल."

"काहींना मारलं. रोज नाही, सगळीकडे नाही. बरीच वर्षं कोणी विचारतही नसे. पण कधी दुष्काळ पडला, कधी रोग आला, की लोक यांच्याकडे बोट दाखवत. आणि तरीही हे वाढतच गेले."

"कशापायी?"

खरं तर या प्रश्नाचं उत्तर मला कॉलेजात पाठ होतं. बादशहानं सैन्यासाठी पक्के रस्ते बांधले होते, त्या रस्त्यांवरून व्यापारी, गुलाम, कारागीर फिरत आणि त्यांच्याबरोबर ही गोष्ट फिरे. एका भाषेत अर्ध्या जगाशी बोलता येत होतं. गावोगाव यहुद्यांची सभास्थानं होती, तिथं पहिले ऐकणारे मिळाले. मी हे सगळं सांगितलं. भिकाजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रस्त्यानं तर जकातवाला बी फिरतो. त्याच्या मागं कोन जातंय?"

आत्या एवढी हसली की गाडीतून पडता पडता राहिली. मी ऊस सोलायला घेतला.

ऊन कलताना आम्ही पोचलो. गावकुसाबाहेर तीसेक घरं, त्यांच्या टोकाला दगडी जोत्यावर कौलारू खोली, तिच्यासमोर दोन खांबांवर आडव्या तुळईला टांगलेली घंटा, आणि अंगणाच्या कोपऱ्यात विहीर. आठवडाभर शाळा, रविवारी प्रार्थना, सगळं त्या एका खोलीत. पगारी पाळकाला मिशननं पावसाळ्यापूर्वीच दुसरीकडे हलवलं होतं.

पाण्याचा तांब्या घेऊन सगुणाबाई पुढे आली. काळी, उंच, साठीच्या आसपासची विधवा. पाळक गेल्यापासून प्रार्थना तीच चालवत होती. अक्षर येत नव्हतं. स्तोत्रं पाठ होती. पाणी गार आणि गोड होतं. दुपारभर फुफाटा खाल्ल्यावर ते पाणी काय लागलं, ते सांगता येणार नाही.

"आमच्या सासऱ्यानं खांदलेली हीर हाय," ती म्हणाली. "दुस्काळात. मिशननं सुरुंगाची दारू दिली, हात आमचे."

मी हुकूम सांगितला. वाटलं होतं रडारड होईल. कोणी रडलं नाही. मग एकजण म्हणाली, "जागा बाबूरावाला दिली म्हनं. मंजी हीरबी?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जागेबरोबर विहीर जाणार होती. कचेरीत नकाशावर ती एक टिंब असेल. इथं तीस घरांचं ते पाणी होतं. गावातल्या विहिरीवर यांना पाय ठेवता येत नव्हता. कायदा काय म्हणतो ते विचारायला तिथं कोणी बसलं नव्हतं. पुढचं पाणी म्हणजे थेट नदी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूराव आले. धुतलेलं धोतर, रेशमी फेटा, आवाज मऊ. मला "बाई, बाई" म्हणत त्यांनी प्रकृती विचारली, माझ्या वडिलांची विचारली. मग किल्लीचा विषय काढला. खोलीत गुळाच्या भेल्या ठेवायच्या होत्या.

"आणि विहीर?" मी विचारलं.

"पाणी काय, देवाचं आहे. मी कोणाचं तोडत नाही," ते म्हणाले. "आमचा गडी शेंदून वरून घालील यांच्या घागरीत. फक्त गावची जुनी कामं यांनी पुन्हा धरावीत. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावे न्यायचे, लग्नात दारात बसायचं. साहेबाच्या नादानं सोडली होती, आता साहेब नाही. दोन घरं आली की शहाणी होऊन. त्यांना मी कमी केलंय का काही?"

ते हे अगदी शांतपणे बोलले. रागावले असते तर सोपं गेलं असतं. मी सगुणाबाईकडे पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आमी ढोर सोडलं ते सायबासाठी न्हाई," ती म्हणाली. "आमच्या पोरांसाठी सोडलं."

"किल्ली द्या बाई," बाबूराव मला म्हणाले, जणू ती बोललीच नव्हती.

"खरेदीखत झालेलं नाही," मी म्हटलं. "तोवर किल्ली मिळायची नाही."

"तुमच्या वडिलांना ठाऊक आहे का, तुम्ही असं बोलताय ते?"

"नाही."

"मग त्यांना विचारा," एवढंच म्हणून ते गेले. त्यांचं ते शेवटचं वाक्य मला झोंबलं, कारण ते खरं होतं. नोकरी वडिलांची होती.

दुपारी जेवण सगुणाबाईकडे. बाजरीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि माझ्यासाठी खास कुठून तरी पैदा केलेला दह्याचा वाडगा. त्या भाजीसाठी पुन्हा तेवढे मणके मोजायला मी तयार आहे. दहाबारा जण एकत्र बसलो. जेवता जेवता आत्यानं हळूच दाखवलं: ही महाराची, तो मांगाचा, ती पलीकडची सून कोल्हाट्याची. गावात ही घरं एकमेकांच्या हातचं पाणी पीत नसत. इथं एका परातीतल्या भाकऱ्या मोडत होते आणि चटणी संपली म्हणून भांडत होते.

रॉकेल मिळत नसल्यामुळे सभा दिवस बुडायच्या आत घ्यायची होती. खोली भरली. बाकं म्हाताऱ्यांना, बाकी खाली. कोणी तरी म्हणालं, "बाई, भिक्या सांगत हुता, तुमाला रोमची गोष्ट येती."

मी उभी राहिले. रस्ते आणि भाषा या वेळी सोडून दिल्या. दुपारची ती परात डोळ्यांसमोर होती, तीच धरून बोलू लागले.

सांगितलं की रोममध्ये आपल्या लोकांना पहिली दोनशे वर्षं स्वतःचं देऊळ असं बहुधा नव्हतंच. कोणाच्या तरी घरात जमायचे. त्या घरात मालक आणि गुलाम एकाच भाकरीचा तुकडा घेत, आणि बाहेरच्यांना ते किळसवाणं वाटे. नको असलेली मुलगी जन्मली तर लोक उकिरड्यावर टाकत. हे उचलून आणत. विधवेला पुन्हा लग्नाची सक्ती नव्हती, तिला सगळे मिळून पोसत. मोठा रोग आला तेव्हा ज्यांना जमलं ते शहर सोडून पळाले, वैद्यसुद्धा पळाले. यांच्यातले बरेच मागे राहिले. त्यांच्याकडे औषध नव्हतं. पाणी पाजत होते, भाकरी भरवत होते. तेवढ्यानंही कितीक माणसं वाचली. जी मेली त्यांना यांनी पुरलं, मग ती कोणाचीही असोत.

"आनि जे पळाले?" मागून एका तरुणानं विचारलं. "यांच्यातलेच जे भ्याले, त्यांचं काय केलं?"

गावची कामं पुन्हा धरलेली ती दोन घरं सगळ्यांच्या मनात होती. एक घर त्याच्या सख्ख्या भावाचं होतं.

"पुष्कळ भ्याले," मी म्हटलं. "धूप घातला. मग संकट टळल्यावर परत येऊन दाराशी रडले. यांच्यात त्यावरून मोठी भांडणं झाली. काही म्हणाले, दार लावा. शेवटी बहुतेक ठिकाणी त्यांना आत घेतलं."

"घ्यावंच लागतं," सगुणाबाई म्हणाली. "तुज्या भावाला सांग, परत आला तर कुनी काई इचारनार न्हाई. आदी जेवायला बसायचं, मंग बोलायचं."

तो तरुण पुढे सरकून बसला.

"मग बादशहा कधी बदलला?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"तीनशे वर्षांनी. एका बादशहानं यांच्या डोक्यावर हात ठेवला. मोठमोठी मंदिरं उठली, लोक झुंडीनं आले. आणि खरं सांगायचं तर पुढे यांच्याच लोकांनी इतरांना छळलं."

"मंजी सायेब आला," म्हातारा म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

सगुणाबाई मात्र हसली नाही. ती मला एकेक विचारू लागली, भाजीवालीला भाव विचारावा तशी.

"त्यांच्याकडं घंटा हुती?"

"नव्हती."

"बाकं?"

"नव्हती."

"पगाराचा पाळक?"

"बहुतेक ठिकाणी नव्हता."

"मग न्या की सगळं," ती म्हणाली. "घंटा न्या, बाकं न्या. ती मिशनची हायेत. माझ्या वसरीत वीस मानसं बसतात, बाकीची अंगनात बसतील. खोलीत त्याचा गूळ ठेवू द्या, मुंगळे लागतील त्याला. पर हीर आमची हाय. ती आमी सोडत न्हाई. आनि ढोरबी वढत न्हाई."

एक पोरसवदा आई बाळ खांद्यावर टाकून उठली आणि भिंतीवरच्या फळ्याला पाठ लावून उभी राहिली. "ह्यो फळा बी न्हाई द्यायचा," ती म्हणाली. "मी ह्याच्यावर शिकले. ही बी शिकंल."

हुकमात फळा होता. तो मी भिंतीवरच राहू दिला.

सकाळी भिकाजीची गाडी आली. घंटा चार जणांनी खाली घेतली. एकानं लोलकाला हात घातला तशी सगुणाबाई ओरडली, "वाजवू नगंस! उगा पोरं रडतील." तिनं स्वतः लोलकाला चिंधी बांधली. बाकं रचली, दोर आवळले. बायका पाणी शेंदायला गेल्या, रोजच्यासारख्या. मीही किल्ली कमरेला खोचली आणि विहिरीवर जाऊन एक घागर शेंदली. आत्या म्हणाली, "चल, गाडी चुकेल." मी घागर भरूनच निघाले.

कालवा लागल्यावर भिकाजी म्हणाला, "बाई, बाबूरावाचं मी देनं लागतो, उघड काई बोलू शकत न्हाई. पर हीर कुनी खांदली ते समद्या गावाला ठावं हाय. इचारलं तर खरं सांगंन." बेलापूरला मालधक्क्यावर घंटा उतरवायला त्यानंच हात दिला आणि परतीचं भाडं घेतलं नाही.

नगरला पोचल्यावर मी घरी न जाता थेट कचेरीत गेले. सेक्रेटरी साहेबांच्या खोलीत पेट्या भरून ठेवल्या होत्या. महिन्याभरात त्यांची बोट होती. गेली कित्येक वर्षं ते इथंच राहिले होते आणि पुस्तकासारखं मराठी बोलत. मी घडलेलं सगळं सांगितलं.

ते थकल्यासारखे म्हणाले, "एस्तेरबाई, तुम्ही आपल्या वडिलांच्या जागी गेला होतात. काम साधं होतं."

"ते केलं साहेब. घंटा आणली, बाकं आणली. विहीर आणता येत नाही."

"इसार घेतलेला आहे. त्या पैशांतून आम्हाला तीन शिक्षकांचे पगार द्यायचे आहेत. आपण माझी अडचण समजून घ्याल का?"

"समजते. पण तुम्ही बोटीत बसाल. त्या बायका तिथंच राहणार आहेत."

त्यांचा चेहरा पडला. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मी दिली नाही. तेव्हा ते म्हणाले, "मग मला आपल्या वडिलांशी बोलावं लागेल."

घरी वडील भिंतीला टेकून बसले होते, ताप उतरलेला. मी सगळं सांगितलं. ते इतके चिडले की त्यांना खोकल्याची उबळ आली. "माझ्या नोकरीवर तू तिथं शौर्य केलंस! पेन्शन जवळ आलीय माझी. तुला विचारलं कोणी होतं?" आत्यानं तोंड उघडलं तर तिलाही गप्प केलं. मी रडले नाही. किल्ली त्यांच्या उशाशी ठेवली. "तुमची आहे. तुम्हाला द्यायची तर द्या," म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले.

रविवारपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. रविवारी प्रार्थनेहून आल्यावर त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, "त्या परातीचं पुन्हा सांग."

मी सांगितलं. कोण कोणाशेजारी बसलं होतं, तेही.

वडील म्हणाले, "माझ्या बापानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी आठएक वर्षांचा. काकानं आम्हाला घराबाहेर काढलं. राहेल माझ्याहून मोठी, तिला आठवत असेल. भर पावसात आम्ही एका घराच्या दारात उभे राहिलो. ते मांगाचं घर होतं, आमच्याच प्रार्थनेला येणारं. आम्ही महार. माझ्या आईनं आयुष्यात त्यांच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. त्या घरच्या बाईनं एका ताटात कण्या आणल्या आणि पहिला घास स्वतः खाल्ला, आम्हाला संकोच वाटू नये म्हणून. मग ताट आमच्याकडे सरकवलं."

"आजीनं खाल्लं?"

"सगळ्यांत आधी आईनं खाल्लं," कोपऱ्यातून आत्या म्हणाली. "खाता खाता रडत होती."

"पुढे कितीदा वाटलं, परत जावं," वडील म्हणाले. "शेत होतं, भाऊबंद होते. बापाला शास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. मलाही तेव्हा कळत नव्हतं. पण परत जायचं म्हणजे त्या बाईचं ताट ओवळं म्हणायचं. ते कसं म्हणणार?"

रोमबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. इतकी माणसं का आली, हे पुस्तकांत बरंच मिळतं. आलेली परत का गेली नाहीत, हे मला त्या दिवशी घरात उमगलं. धूप घातला असता तर जीव वाचला असता, पण शेजारी बसून जेवणाऱ्या माणसाला पुन्हा परकं म्हणावं लागलं असतं. पुष्कळांनी ते म्हटलं. पुष्कळांच्या तोंडून ते निघालं नाही, आणि तेवढ्यांवर तो धर्म तगला.

सोमवारी सकाळी वडिलांनी दाढी केली, काळा कोट चढवला आणि उशाखालची किल्ली खिशात टाकली. आईनं विचारलं, "अंगात ताकद नाही, कुठं निघालात?" ते चपला घालून बाहेर पडले. दिवसभर आम्ही तिघी वाट बघत होतो. आत्यानं मिश्रीची सबंध डबी संपवली.

दिवेलागणीला ते आले. कोट खुंटीला लावला, हातपाय धुतले, पाटावर बसले.

"विहीर आणि तिच्याभोवतीचं अंगण विक्रीतून वगळलं," ते म्हणाले. "खैरवाडीच्या मंडळीच्या नावावर करून द्यायचं ठरलंय. साहेबांनी माझ्यासमोर सही केली. खोली बाबूरावाची."

"आणि तुमचं?" आईनं विचारलं.

"इसाराचा काही भाग परत करावा लागणार, म्हणून खर्चात कपात. महिनाअखेर मी घरी. पेन्शन अर्धी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या डोळ्यांत राग शोधला, तो होता. अजून पुरता गेला नव्हता. "पुढच्या खेपेला जाशील तेव्हा मला आधी विचार," ते म्हणाले. "म्हणजे मीही येईन."

मग त्यांनी ताट पुढे ओढलं आणि आईला म्हणाले, "वाढ. सपाटून भूक लागलीय."